हार्ट फेल्युअर क्लिनिक आणि तिथल्या संशोधक मॅडम: बाबांसोबतची चार वर्षं

हा रिव्ह्यू लांब आहे. घरात कुणाच्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शनचा, म्हणजे डाव्या कप्प्यातलं किती टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडतं त्याचा, आकडा तिशीच्या आत आला असेल, तर निवांत बसून वाचा. घाईत असाल तर एवढंच सांगते: पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा का कापला तेही पुढे लिहिलंय.

बाबांना त्रेसष्टाव्या वर्षी दम लागायला लागला. आधी जिना चढताना, मग बुटाची लेस बांधायला वाकलं तरी. रात्री एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. सहा आठवडे एका ठिकाणी खोकल्याची औषधं चालू होती. एके रात्री ते उठून बसले ते सकाळपर्यंत आडवे झालेच नाहीत. मग ॲडमिट, ऑक्सिजन, शिरेतून लघवीचं औषध, आणि दुसऱ्या दिवशी इको: 24 टक्के. अँजिओग्राफीत रक्तवाहिन्या स्वच्छ निघाल्या. म्हणजे ॲटॅक नव्हता. हृदयाचा स्नायूच अशक्त होऊन कप्पा फुगला होता. लघवीची गोळी आणि रॅमिप्रिल देऊन घरी पाठवलं, आणि पुढची तारीख दीड महिन्यानंतरची. डिस्चार्ज कार्डावर ‘हार्ट फेल्युअर’ हे दोन शब्द होते. फेल म्हणजे नापास, एवढाच अर्थ बाबांना ठाऊक. घरी आल्यावर त्यांनी मला कपाटातली कागदपत्रं कुठे आहेत ते दाखवायला सुरुवात केली.

तिथल्याच एका तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन या क्लिनिकचं नाव सांगितलं. म्हणाले, तिथल्या मॅडम अर्धा आठवडा पेशंट बघतात आणि अर्धा आठवडा लॅबमध्ये असतात. खरं सांगते, हे ऐकून मी बिचकले. संशोधन करणाऱ्या डॉक्टरांना पेशंट म्हणजे एक केस, एक नंबर, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. आता वाटतं, तेव्हा त्या भीतीपायी गेलो नसतो तर?

पहिल्या भेटीत मॅडमनी फाईल उघडलीच नाही. बाबांना पलंगावर पाठ अर्धवट टेकवून बसवलं, मान जराशी डावीकडे वळवायला सांगितली आणि उजव्या बाजूने मानेची शीर कुठवर फुगलीय ते बघत राहिल्या. मग नडगीच्या हाडावर अंगठा दाबून धरला, ओठ हलताना दिसले, पाचपर्यंत मोजलं असावं. अंगठा उचलला तर तिथे खळगा तसाच. बाबा स्वतःच्याच पायाकडे बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, “काका, हे पाणी आहे. हृदय थांबलेलं नाही, दमलंय. निरोगी माणसाच्या डाव्या कप्प्यातलं 55 ते 70 टक्के रक्त दर ठोक्याला बाहेर पडतं, तुमचं 24 टक्के पडतंय. मागे पाणी तुंबतं ते फुफ्फुसात आणि पायात जातं. पाणी आपण आठवड्याभरात काढू. स्नायूला मात्र वेळ द्यावा लागेल.” महिनाभर जे कुणी सांगितलं नव्हतं ते चार वाक्यांत समजलं. बाबांनी कागदपत्रांचा विषय त्यानंतर काढला नाही.

आता औषधांबद्दल, कारण या क्लिनिकचं खरं वेगळेपण तिथे आहे. या आजारात आता चार गटांची औषधं लवकरात लवकर सुरू करतात: सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन, ठोके हळू करणारा बीटा ब्लॉकर, स्पायरोनोलॅक्टोनच्या जातीची गोळी आणि मुळात मधुमेहासाठी आलेलं डापाग्लिफ्लोझिन किंवा त्याचं भावंड. बाबांना मधुमेह नाही, म्हणून शेवटच्या गोळीवरून मी वाद घातला. मॅडमनी न चिडता 2019 सालच्या डापा-एचएफ चाचणीचा आलेख कागदावर काढून दाखवला. 4,744 पेशंट, त्यातल्या निम्म्याहून अधिक लोकांना मधुमेह नव्हता, आणि फायदा दोन्हीकडे सारखाच. माझं काम हिशेब तपासायचं. कुणी आकडा सांगितला की तो कुठून आला हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथे विचारलं की उत्तर मिळतं, आणि विचारलं म्हणून कुणाच्या कपाळाला आठी पडत नाही.

रॅमिप्रिल बंद करून सॅक्युबिट्रिल-वल्सार्टनची नवी गोळी सुरू करताना मध्ये 36 तास जावे लागतात, नाहीतर चेहरा आणि घसा सुजण्याचा धोका असतो. नर्स सिस्टरांनी दोन्ही पाकिटांवर पेनने लिहून दिलं: एकावर ‘शुक्रवारी रात्री 9, शेवटची’, दुसऱ्यावर ‘रविवारी सकाळी 9, पहिली’. वरून शनिवारी संध्याकाळी फोन करून विचारलं की आज काही घेतली नाही ना. ही पाकिटं मी अजून ठेवली आहेत.

घोडं अडलं ते बीटा ब्लॉकरपाशी. बिसोप्रोलॉलची सव्वा मिलिग्रॅमची पहिली गोळी सुरू झाली आणि आठवड्याभरात बाबा म्हणायला लागले, ही नको, हिने अंगात त्राण राहत नाही. एरवी डॉक्टर म्हणतात ‘घ्यावीच लागेल’ आणि पुढचा पेशंट बोलावतात. मॅडमनी खुर्ची पुढे ओढली आणि गोष्ट सांगितली.

एकेकाळी हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर देणं म्हणजे गुन्हाच समजायचे. दमलेल्या हृदयाला आणखी हळू करायचं म्हणजे त्याचा गळाच दाबायचा, असं पाठ्यपुस्तकं सांगत. 1975 साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या फिन वॉगस्टीन आणि सहकाऱ्यांनी सात पेशंटना ही औषधं देऊन पाहिली आणि ते सुधारले असं छापलं. बहुतेकांनी विश्वास ठेवला नाही. मग 1982 मध्ये अमेरिकेत मायकेल ब्रिस्टो यांनी निकामी हृदयांचे तुकडे तपासून दाखवलं की सततच्या ॲड्रिनॅलिनच्या माऱ्याने त्या स्नायूवरचे बीटा रिसेप्टर, म्हणजे ॲड्रिनॅलिनचा निरोप घेणाऱ्या जागा, कमी झालेले असतात. म्हणजे चाबूक मारून मारून घोडा बधिर झालेला. आणि 1999 मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या, सीबिस-दोन आणि मेरिट-एचएफ. दोन्हींत मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. सात पेशंटपासून तिथवर यायला 24 वर्षं लागली.

पुढचं त्यांच्या स्वतःच्या कामातलं. हृदय प्रत्यारोपणाच्या वेळी पेशंटचं जुनं हृदय काढतात, त्यातली स्नायूची एक बारीक दोरी, काडेपेटीतल्या काडीहूनही बारीक, कोमट द्रावणात टांगून विजेचे हलके झटके दिले की ती आकुंचन पावत राहते. मॅडमनी तरुणपणी काही वर्षं हेच केलं. त्यांनी हातांनी दाखवलं, दोन चिमटींत धरलेला दोरा ताणावा तसं. निरोगी स्नायूचे ठोके वाढवले की त्याचा जोर वाढतो. निकामी स्नायूचे वाढवले की जोर उलट कमी होतो. “काका, तुमच्या हृदयाला घाई सोसत नाही. 98 च्या जागी 65 ठोके पडू देत, प्रत्येक ठोका कामाचा पडेल. पहिले काही आठवडे थकवा वाटेल, हे मी आधीच सांगायला हवं होतं. दर दोन आठवड्यांनी वाढवू, एकदम नाही.”

बाबांनी गोळी सोडली नाही. सव्वाचे अडीच, अडीचचे पाच. तिसऱ्या महिन्यात इको 36 वर आला आणि छातीत शॉकचं यंत्र बसवायचा विषय मागे पडला. सव्वा वर्षाने 41, आणि गेल्या खेपेला 46. लेस बांधताना आता ते बोलतात.

बरं वाटणं आणि बरं होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मी या क्लिनिकमध्ये शिकले. मॅडम मिलरिनोनचं उदाहरण वारंवार देतात. हृदयाचा जोर वाढवणारं औषध, तर्काला एकदम पटणारं. 1991 च्या प्रॉमिस चाचणीत 1,088 गंभीर पेशंटवर त्याच्या गोळ्या तपासल्या, तर औषध घेणाऱ्या गटात मृत्यू 28 टक्क्यांनी जास्त निघाले. चाचणी मध्येच थांबवावी लागली. तर्क बरोबर दिसला म्हणून औषध बरोबर ठरत नाही, मोजावं लागतं, हे त्या इतक्या कळकळीने सांगतात की ऐकताना वाटतं, यातल्या कुठल्यातरी पेशंटचा चेहरा त्यांच्या डोळ्यासमोर आहे.

त्यांच्या करिअरबद्दल मला चार वर्षांत तुकड्यातुकड्यांनी कळलं. त्या कार्डिओलॉजी शिकल्या तेव्हा बरोबरीचे सगळे स्टेंट टाकण्याकडे गेले. तिथे पेशंट अर्ध्या तासात सुधारलेला दिसतो, नावही होतं. हार्ट फेल्युअरच्या वॉर्डात मात्र तीच माणसं दर दोन महिन्यांनी सुजून परत यायची. त्या वॉर्डाने आपल्याला लॅबमध्ये ढकललं असं त्या म्हणतात. एका प्रथिनाच्या मागे तीन वर्षं घालवली, डिशमधल्या पेशींत जे दिसायचं ते पुढे कुठेच दिसलं नाही, आणि काम बंद करावं लागलं. हे त्यांनी बाबांना सांगितलं ते कसल्याही संकोचाशिवाय, रक्ताचा नमुना संशोधनासाठी देणार का असं विचारताना. सोबत हेही सांगितलं की याचा तुम्हाला स्वतःला काहीच फायदा नाही, नाही म्हणालात तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही. बाबांनी दोन दिवस विचार करून सही केली. मला वाटतं, ते तीन वर्षांचं सांगितलं म्हणून केली.

1785 साली इंग्लिश डॉक्टर विल्यम विदरिंगने डिजिटॅलिस या हृदयाच्या जुन्या औषधावर पुस्तक लिहिलं तेव्हा जमलेल्या केसेसबरोबर फसलेल्याही छापल्या, याचं मॅडमना फार कौतुक आहे. त्याच जातीचं औषध, डिगॉक्सिन, मोठ्या चाचणीत नीट तपासून झालं 1997 मध्ये, 6,800 पेशंटवर. मृत्यू कमी झाले नाहीत, हॉस्पिटलच्या फेऱ्या तेवढ्या कमी झाल्या. दोनशे बारा वर्षं. मॅडमच्या क्लिनिकमध्ये वेटिंगच्या भिंतीवर एक फळा आहे. त्यावर दर महिन्याला लिहितात की डिस्चार्जनंतर तीस दिवसांत आपले किती पेशंट परत ॲडमिट झाले. वाईट महिन्याचा आकडाही तसाच असतो. हिशेब तपासणाऱ्या माणसाला असा फळा दिसला की कसं वाटतं ते मी सांगू शकत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाबांना आत बोलावलं तरी तिथेच उभी होते.

सेवेबद्दल थोडक्यात. ॲडमिट होऊन सुटका झालेल्या पेशंटला दीड महिना थांबवत नाहीत, पहिल्या आठवड्यात बोलावतात आणि दोन महिन्यांत चार-पाच भेटी होतात. 2022 साली स्ट्राँग-एचएफ नावाची चाचणी आली. 1,078 पेशंट. दर भेटीला रक्त तपासत औषधं भराभर पूर्ण डोसवर नेलेल्या गटात सहा महिन्यांत मृत्यू किंवा पुन्हा ॲडमिट होणं 15.2 टक्के, नेहमीच्या पद्धतीत 23.3. आमचा तो आधीचा दीड महिना आठवला की अंगावर काटा येतो. दर भेटीला बीपी बसून आणि उभं राहून असं दोनदा बघतात. बाबांचं वरचं बीपी 96 असायचं आणि मी घाबरायचे. सिस्टर विचारायच्या चक्कर येते का, डोळ्यांपुढे अंधारी येते का, नाही ना, मग गोळी चालू. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर फोन.

त्या वहीनेच आम्हाला एकदा वाचवलं. गुडघा दुखतो म्हणून बाबांनी कुणालाही न विचारता दुखण्यावरची गोळी चार दिवस घेतली. वजन 68.2, 68.9, 69.8, 70.7. मी आकडे फोनवर वाचून दाखवले तर सिस्टरांनी पहिलाच प्रश्न केला: कुठली पेनकिलर घेतली का? त्या जातीच्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवरही ताण आणतात. गोळी बंद, लघवीची गोळी तीन दिवस दुप्पट, ॲडमिट न होता निभावलं.

दुसरा प्रसंग बाबांनी लिहू नको म्हटलं होतं, मग म्हणाले लिही, कुणाला तरी उपयोग होईल. स्पायरोनोलॅक्टोनने त्यांची छाती एका बाजूला हुळहुळी झाली होती, गाठीसारखं लागत होतं. लाजेने दोन महिने बोलले नाहीत, गोळी मात्र मधूनमधून चुकवायला लागले. मॅडमनी मला बाहेर बसायला सांगून सरळ विचारलं. या औषधाचा हा माहीत असलेला परिणाम आहे, पुरुषांनी यात लाजण्यासारखं काही नाही. एप्लेरेनोन दिलं, त्रास थांबला. चेहऱ्यावरून त्यांनी हे कसं ओळखलं, की त्या प्रत्येकाला विचारतात? सिस्टर म्हणाल्या, प्रत्येक पुरुषाला विचारतात.

आणि बीएनपीचा घोळ. एका बाहेरच्या तपासणीत बीएनपी, म्हणजे हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं द्रव्य, खूप वाढलेलं आलं, तिथल्या डॉक्टरांनी हृदय बिघडतंय असं सांगितलं, आमची रात्र गेली. मॅडमनी सकाळी सांगितलं की सॅक्युबिट्रिल ज्या एन्झाइमला अडवतं तेच बीएनपी मोडतं, म्हणून या गोळीवर असलेल्या पेशंटचं बीएनपी वाढलेलं दिसू शकतं. त्यांचं एनटी-प्रोबीएनपी बघायचं असतं, ते या एन्झाइमने मोडत नाही. ते काढलं, आधीच्यापेक्षा कमी होतं. जीव भांड्यात पडला. हे सगळ्यांनी लिहून ठेवा.

46 आल्यावर बाबांनी विचारलं, आता गोळ्या थांबवू का? मॅडमना हा प्रश्न आवडतो हे कळत होतं, कारण यावर नेमकं उत्तर आहे. बाबांसारखाच आजार बरा झालेल्या 51 जणांवर ट्रेड-एचएफ नावाची चाचणी झाली. ज्यांची औषधं टप्प्याटप्प्याने थांबवली त्यांतल्या 44 टक्के लोकांचा आजार सहा महिन्यांत उलटला. ज्यांची चालू होती त्यांच्यात एकाचाही नाही. “काका, तुमचं हृदय बरं झालेलं नाही, औषधांच्या आधाराने बरं राहिलंय.” बाबा थोडे खट्टू झाले. मग म्हणाले, आधार तर आधार.

आता तक्रारी. मॅडम आठवड्यातून दोनच दिवस असतात आणि त्या दिवशी दोन-अडीच तास थांबावं लागतं. दम लागणाऱ्या माणसाला इतका वेळ ताठ खुर्चीवर बसवणं बरोबर नाही. निदान चार आरामखुर्च्या तरी हव्यात, मी दोनदा लेखी दिलंय. फोनलाइन संध्याकाळी पाचला बंद होते आणि पाणी साठायला रात्रीचीच वेळ सापडते. सगळ्यात मोठी तक्रार: मॅडम तीन आठवडे बाहेर होत्या तेव्हा बदली डॉक्टरांनी उभं राहून बीपी न बघता लघवीची गोळी वाढवली. तिसऱ्या दिवशी बाबा बाथरूममध्ये चक्कर येऊन खाली बसले. लागलं नाही, पण लागू शकलं असतं. मॅडम परत आल्यावर त्यांनी त्या डॉक्टरांना बोलावून, आमच्यासमोर, चूक आमची आहे असं सांगितलं. आता गोळी वाढवायची असेल तर उभ्याचं बीपी लिहिल्याशिवाय सिस्टर कागद पुढे सरकवत नाहीत. तरी अर्धा तारा त्याचा कापला. संशोधनासाठी डॉक्टर बाहेर जाणार असतील तर मागची व्यवस्था तितकीच चोख हवी.

जाणार असाल तर घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या, नुसती यादी नको. गुडघ्याची, सर्दीची, झोपेची, सगळी. वजनाची वही न्या. प्रश्न लिहून न्या आणि आकडे विचारायला कचरू नका. पेशंटबरोबर दुसरं कुणीतरी असू द्या, पण मॅडमनी बाहेर बसायला सांगितलं तर बसा.

बाबांची पुढची तारीख सहा महिन्यांनी आहे, पहिल्यांदाच इतकी लांब. पोटॅशियम आणि क्रिएटिनिन त्याच्या दोन दिवस आधी काढायचंय. आज सकाळचं वजन 67.6.